वरातीमागून आलेला फील्ड मार्शल

सीमेवर जरा कुठं खट्ट वाजलं की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात एक मेसेज पडतोच. "फौजेला एकदा मोकळा हात द्या, मग बघा गंमत." खाली अंगठ्यांची रांग, तिरंग्याचे दोन-चार इमोजी, मग कुणीतरी "राजकारण्यांना बाजूला ठेवा" असं टाकतं आणि विषय संपतो. मी तिथं काही लिहीत नाही, आमच्या ग्रुपवरचा कुठलाही वाद शेवटी पार्किंगवर जातो असा अनुभव आहे. पण दर वेळी मला एक जर्मन म्हातारा आठवतो, छातीभर पदकं, हातात फील्ड मार्शलचा दंड, आणि चीनमध्ये राहायला म्हणून युरोपातून सोबत नेलेलं ॲस्बेस्टॉसचं घर. त्या घराचं काय झालं ते सांगतोच, पण आधी माणूस.

आल्फ्रेड ग्राफ फॉन वाल्डरझे. ग्राफ म्हणजे काउंट, आपण सरदार म्हणू. जन्म ८ एप्रिल १८३२, पॉट्सडॅमचा, म्हणजे प्रशियाच्या (जर्मनी एक व्हायच्या आधीचं एक बलाढ्य जर्मन राज्य) राजांचे महाल आणि पलटणींच्या बराकी एकाच गावात. बाप घोडदळाचा जनरल, घराणं आनहाल्ट-डेसाउच्या राजाच्या अनौरस मुलापासून सुरू झालेलं. अशा घरातला मुलगा दुसरं काय करणार, कॅडेट शाळा आणि १८५० मध्ये गार्ड तोफखान्यात भरती. त्या काळातली प्रशियाची फौज म्हणजे घरचाच कारभार होता. १८६० मध्ये तिथले सुमारे ६५ टक्के अधिकारी सरदार घराण्यांतले, आणि कर्नल-जनरल पातळीवर गेलात तर ८६ टक्के. शपथ घ्यायची ती राजाची. १८५० च्या राज्यघटनेत साफ लिहून ठेवलं होतं की लष्कर घटनेची शपथ घेणार नाही. हे वाक्य डोक्यात ठेवा, बाकीची सगळी गोष्ट त्यातूनच निघते.

माणूस ढ होता असं अजिबात नाही, उलट हुशार होता आणि कामाला वाघ. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या लढाईत होता. १८७० च्या सुरुवातीला पॅरिसला मिलिटरी अटॅशे, म्हणजे वकिलातीतला लष्करी अधिकारी, म्हणून गेला आणि फ्रेंच फौजेची खडान्‌खडा माहिती बर्लिनला पाठवत बसला, त्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा ती उपयोगाला आली. युद्धात आधी राजाच्या मुख्यालयात, मग मेकलेनबुर्गच्या ग्रँड ड्यूककडं त्याला पाठवला, कारण ड्यूकसाहेब सेनापती होते पण डोकं दुसऱ्या कुणीतरी पुरवायला लागणार होतं. १८७१ मध्ये हरलेल्या पॅरिसमध्ये जर्मनीचा प्रतिनिधी म्हणून थोडे महिने बसला. हे काम किती अवघड असेल विचार करा, आणि ते त्यानं चांगलं केलं, फ्रेंचांना उगाच डिवचलं नाही. म्हणजे बोलायचं कसं, गप्प कधी बसायचं, हे त्याला कळत होतं. पुढं जे झालं ते अडाणीपणातून झालं असं म्हणायची सोय नाही.

१८७४ मध्ये लग्न केलं. बायको अमेरिकन, मेरी एस्थर ली, न्यूयॉर्कच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी, विधवा. तिचा पहिला नवरा श्लेसविग-होलश्टाइनच्या घराण्यातला राजपुत्र, लग्नाच्या वेळी चौसष्टीचा, वर्षभरात गेला आणि हिच्याकडं पैसा अन् 'प्रिन्सेस' हा किताब राहिला. आता गंमत बघा, त्या पहिल्या नवऱ्याच्या भावाची नात म्हणजे आउगुस्टे विक्टोरिया, जी प्रिन्स विल्हेल्मची, म्हणजे पुढच्या कैसरची (जर्मन सम्राटाची) बायको. नात्यानं मेरीबाई तिची चुलत आजी झाली. म्हणजे वाल्डरझेच्या दिवाणखान्यात भावी कैसर आणि त्याची बायको पाहुणे म्हणून नाही, घरचे म्हणून यायला लागले. आपल्याकडं 'वहिनींच्या हातचा चहा' राजकारणात किती काम करतो ते सगळ्यांना माहितीय, बर्लिनही काही वेगळं नव्हतं.

आता खरा मुद्दा. १८८२ मध्ये वाल्डरझे बर्लिनला क्वार्टरमास्टर जनरल झाला, म्हणजे जनरल स्टाफचा (युद्धाचे प्लॅन आखणारं लष्कराचं ऑफिस) प्रमुख हेल्मुट फॉन मोल्टके याचा डेप्युटी. मोल्टके तेव्हा ऐंशी ओलांडलेला, रोजचं काम हाच बघायचा. जनरल स्टाफ तोवर कागदावर युद्धमंत्र्याच्या हाताखाली होता. युद्धमंत्री राइशश्टागमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत, येऊन बसायचा, खासदार प्रश्न विचारायचे, पैशाचा हिशोब मागायचे. फार काही देत नव्हता तो, पण समोर येऊन उभं तरी राहायला लागायचं. १८८३ मध्ये युद्धमंत्री होता कामेके, तो संसदेशी जरा जुळवून घ्यायच्या मताचा. त्याला घालवला. घालवण्यात वाल्डरझे होता, लष्करी कॅबिनेटचा, म्हणजे सम्राटाच्या लष्करी नेमणुका बघणाऱ्या ऑफिसचा, आल्बेडिल होता, आणि (हे वाचून मी चाटच पडलो होतो) खुद्द बिस्मार्क, जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे आपल्या भाषेत पंतप्रधान, होता. आणि २४ मे १८८३ ला हुकूम निघाला की जनरल स्टाफच्या प्रमुखाला सम्राटाला थेट भेटायचा हक्क, मध्ये युद्धमंत्री नको, चॅन्सेलर नको. याला ते लोक 'इमिडिआटफोरट्राग' म्हणत. शब्द भयंकर आहे, अर्थ साधा आहे, मागचा दरवाजा.

बिस्मार्कनं हे का होऊ दिलं? कारण त्याला संसदेला लष्करापासून लांब ठेवायचं होतं. लष्कराचं बजेट सुद्धा सात-सात वर्षांचं एकदम मंजूर करून घ्यायची त्याची पद्धत होती, म्हणजे सात वर्षं कुणी तोंड उघडायचं नाही. तो समजत होता की दरवाजाची किल्ली आपल्या खिशात राहील. राहिली नाही. खासदारांसाठी खणलेल्या खड्ड्यात चार वर्षांत तो स्वतःच तोंडघशी पडायच्या बेतात आला.

वाल्डरझेनं काय केलं, तर परदेशातल्या वकिलातींत जे मिलिटरी अटॅशे असतात, त्यांची आपली वेगळी टपाल-लाइन सुरू केली. कायद्यानं हे लोक राजदूताच्या हाताखाली. पण खासगी पत्रं थेट वाल्डरझेला यायला लागली, तिकडून प्रिन्स विल्हेल्मच्या कानावर जायची, आणि राजदूत पाठवतो ती बातमी एक, अटॅशे पाठवतो ती दुसरी. व्हिएन्नातल्या मेजर फॉन डाइनेसनं तर रशियाविरुद्धच्या युद्धाची बोलणी ऑस्ट्रियनांशी इतकी पुढं नेली की १८८७ च्या शेवटी बिस्मार्कला त्याला कडक समज द्यावी लागली. एका देशाची दोन परराष्ट्र धोरणं चालली होती, एक चॅन्सेलरच्या ऑफिसातून आणि एक जनरलच्या दिवाणखान्यातून.

आणि त्या दुसऱ्या धोरणाचं सार एकच, युद्ध, आणि तेही आत्ता. वाल्डरझेचं गणित असं होतं की रशिया रेल्वे टाकतोय, फौज सुधारतोय, फ्रान्स सावरलाय, दोघं कधीतरी एकत्र येणारच, मग थांबायचं कशाला, आज मारलं तर जिंकू, पाच वर्षांनी जड जाईल. १८८७ च्या नोव्हेंबरअखेर मोल्टकेच्या सहीचं टिपण गेलं की ऑस्ट्रियाला घेऊन या हिवाळ्यातच रशियावर चाल करावी. म्हणजे म्हाताऱ्या मोल्टकेनंही मान डोलावली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

इथं मला वाल्डरझेची बाजू घ्यायचीय थोडी. माझे मामा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, त्यांना एकदा विचारलं होतं की वरचे साहेब लोक नेहमी जास्तच का मागतात. ते सुपारी कातरत होते, मान वर न करता म्हणाले, "आम्हाला विचाराल तर आम्ही जास्त तोफा, जास्त माणसं आणि आजचाच मुहूर्त मागणार. उद्या मेलो तर आम्हीच मरणार ना." बरोबर आहे की. वाईटात वाईट काय होईल याचा विचार करायचा त्यांना पगार मिळतो. शत्रू उद्या आजच्यापेक्षा तगडा असेल असंच धरून चालायचं, नाहीतर तो कसला सेनापती. डॉक्टरला विचारलं तर तो टेस्ट सांगणार, वकिलाला विचारलं तर नोटीस पाठवू म्हणणार. सल्ला चूक असतो असं नाही, पण तो एका खिडकीतून दिसलेला असतो. रशियाशी भांडण काढलं तर व्यापाराचं काय, इंग्लंड काय करेल, जिंकल्यावर तो एवढा मोठा देश ठेवायचा कुठं, हे त्या खिडकीतून दिसत नाही. बिस्मार्कला दिसत होतं. मरणाच्या भीतीनं आत्महत्या, असं तो या आत्ताच-मारू थिअरीला म्हणायचा, आणि त्यानं ते टिपण बाजूला सारलं.

६ फेब्रुवारी १८८८ ला तो राइशश्टागमध्ये बोलला, ते भाषण जर्मनीत तुफान गाजलं. "आम्ही जर्मन देवाला भितो, बाकी जगात कुणालाच नाही." हे वाक्य पोस्टकार्डांवर छापलं गेलं, पोराबाळांना पाठ होतं. पण ते अर्धंच वाक्य आहे! पुढचा भाग असा की देवाची ही भीतीच आम्हाला शांतता जपायला लावते. तो कुणी छापला नाही. व्हॉट्सॲप फॉरवर्ड १८८८ मध्ये पण होते म्हणायचे, फक्त पोस्टाचं तिकीट लागायचं.

त्याच्या आधी दोन-अडीच महिन्यांपूर्वी, २८ नोव्हेंबर १८८७ ला, वाल्डरझेच्या घरी एक बैठक झाली होती. विषय धर्मादाय, बर्लिनमधल्या गरिबांसाठी काम करणाऱ्या एका मिशनला मदत. पण मिशन चालवणारा दरबारी पाद्री आडोल्फ श्टोकर, ज्यूंविरुद्ध विखारी सभा घेण्यासाठी प्रसिद्ध, आणि बैठकीला प्रिन्स विल्हेल्म सपत्निक हजर. पेपरात बोंब झाली, बिस्मार्क भडकला. आता सांगा, जनरल स्टाफच्या उपप्रमुखाच्या घरी हे कशाला? कारण एव्हाना वाल्डरझेला जनरल स्टाफ पुरत नव्हता. लोक त्याला पुढचा चॅन्सेलर म्हणायला लागले होते आणि तो 'छे छे' म्हणत नव्हता. एकदा दिवाणखान्यातून देश हलतोय असं दिसलं की नकाशे आणि रेल्वेची टाइमटेबलं बेचव लागत असणार.

१८८८ मध्ये दोन कैसर वारले, विल्हेल्म दुसरा २९ व्या वर्षी गादीवर आला, आणि ऑगस्टमध्ये मोल्टके सत्त्याऐंशीव्या वर्षी निवृत्त होऊन वाल्डरझे जनरल स्टाफचा प्रमुख झाला. मार्च १८९० मध्ये बिस्मार्क पडला. पाडण्यात याचाही हात होता, कैसरचे कान भरणाऱ्यांमध्ये हा पुढं. झालं, आता मैदान मोकळं. आणि चॅन्सेलर कुणाला केलं? लेओ फॉन काप्रिवीला. तोही जनरलच.

या काप्रिवीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण 'जनरल राजकारणात नको' एवढंच माझं म्हणणं असतं तर हा माणूस ते खोटं पाडतो. काप्रिवी आयुष्यभर सैनिक, पण चॅन्सेलरच्या खुर्चीत बसल्यावर पहिल्या वर्षातच त्यानं मिलिटरी अटॅशेंना लगाम घातला, राजकीय रिपोर्टिंग तुमचं काम नाही, राजदूताच्या हाताखाली राहा. आत्ताच-मारू युद्धाला त्यानंही साथ दिली नाही. म्हणजे अंगावर वर्दी होती की नव्हती हा प्रश्नच नाही, एका माणसानं पुढच्या दारानं येऊन खुर्ची घेतली, संसदेसमोर उभा राहिला, शिव्या खाल्ल्या, आणि दुसऱ्यानं आयुष्यभर मागच्या दारानं ये-जा केली आणि कशालाच जबाबदार राहिला नाही. म्हातारा मोल्टके सुद्धा बघा ना, खासदार होता तो. १४ मे १८९० ला, नव्वदीला टेकलेला असताना, राइशश्टागमध्ये उभा राहिला आणि म्हणाला की पुढचं युद्ध सात वर्षं चालेल, कदाचित तीस वर्षं चालेल, युरोपात पहिली काडी टाकणाऱ्याचं वाटोळं होवो. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात रशियावर चाल करा म्हणणारा हाच. पण हे तो सगळ्यांसमोर बोलला, आज आपण ते वाचू शकतो, वाद घालू शकतो. वाल्डरझे कैसरच्या कानात काय बोलायचा त्यावर त्या काळी कुणाला वाद घालता येणार होता?

तर वाल्डरझेचं मैदान मोकळं झालं म्हटलं ना, ते सहा महिने टिकलं. सप्टेंबर १८९० मध्ये सायलेशियात मोठा युद्धसराव झाला. कैसरला सरावात स्वतः फौज चालवायची हौस दांडगी, आणि अक्कल बेताची. सरावानंतर सगळे अधिकारी जमतात आणि प्रमुख चुका सांगतो, ही तिथली रीत. वाल्डरझेनं सांगितल्या, कैसरच्या सकट, सगळ्यांदेखत. ज्या माणसाला तुम्ही दहा वर्षं 'महाराज, आपल्याला कुणाला विचारायची गरज नाही' असं शिकवलंय, त्याच्या चुका चारचौघांत काढल्यावर दुसरं काय होणार होतं? १८९१ च्या सुरुवातीलाच वाल्डरझेची खुर्ची गेली आणि त्याला नवव्या आर्मी कोअरवर हांबुर्गजवळ आल्टोनाला पाठवलं. जागेवर आला आल्फ्रेड फॉन श्लीफेन. हो, तोच, आधी फ्रान्सवर तुटून पडायच्या प्लॅनवाला.

मजा म्हणजे त्याच्यासाठी धावून येऊ शकेल असं कुणीच उरलं नव्हतं. युद्धमंत्री मजबूत असता, चॅन्सेलरला मान असता, संसदेला लष्कराबद्दल विचारायचा हक्क असता, तर एका सरावातल्या फटकळ बोलण्यावरून जनरल स्टाफचा प्रमुख उडवणं इतकं सोपं गेलं नसतं. त्या सगळ्या भिंती यानंच पोखरल्या होत्या.

आल्टोनात मग शत्रू बदलला. बाहेर रशिया होता, आता आत कामगार. हांबुर्गच्या गोदी कामगारांचा १८९६-९७ च्या हिवाळ्यात मोठा संप झाला, आणि जानेवारी १८९७ मध्ये वाल्डरझेनं कैसरला टिपण पाठवलं की समाजवाद्यांशी टक्कर होणारच आहे, तर ती आपल्या सोयीच्या वेळी आपणच घडवून आणलेली बरी. ओळखीचं वाटतंय ना? रशियाच्या जागी हांबुर्गचे हमाल घाला, बाकी मजकूर तोच. आज मारलं तर जिंकू, उद्या जड जाईल. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण 'मोकळा हात' मागणारे धरून चालतात की तो हात नेहमी सीमेपलीकडंच उगारला जाईल. कशावरून?

आणि मग १९०० साल. चीनमध्ये बॉक्सरांचं, म्हणजे परदेशी लोकांविरुद्ध उठलेल्या टोळ्यांचं, बंड, २० जूनला पेकिंगच्या (आजचं बीजिंग) रस्त्यात जर्मन राजदूत फॉन केटेलरला गोळी घातली, परदेशी वकिलातींना वेढा. कैसरला आयतीच संधी. २७ जुलैला ब्रेमरहाफेन बंदरात निघालेल्या सैनिकांसमोर तो बोलला की दयामाया दाखवायची नाही, कैदी घ्यायचे नाहीत, हजार वर्षांपूर्वी हूणांनी जसं नाव कमावलं तसं चीनमध्ये जर्मनांचं नाव करा. सरकारी कागदात हे सौम्य करून छापलं, पण एका वार्ताहरानं मूळ टिपून घेतलं होतं. पहिल्या महायुद्धात इंग्रज जर्मनांना 'हूण' म्हणून हिणवायचे त्यामागं हे भाषण आहे, घरचाच आहेर. आणि आठ देशांच्या फौजांचा सरसेनापती म्हणून नेमणूक कुणाची, तर अडुसष्ट वर्षांच्या वाल्डरझेची, नुकताच फील्ड मार्शल झालेला. गावोगाव सत्कार, हार, फोटो, निरोपाची गर्दी. जर्मन पेपरांनीच त्याला 'वेल्टमार्शल' म्हणजे 'जागतिक मार्शल' असं नाव ठेवलं, कौतुकानं नव्हे.

आणि आयुष्यभर ज्या युद्धासाठी तळमळला ते युद्ध तो युरोपातून जहाजावर चढायच्या आधीच संपलं! १४ ऑगस्टला पेकिंगचा वेढा उठला. शहराच्या तटाखालून सांडपाण्याचा नाला बाहेर येत होता, त्या चिखलातून सगळ्यात आधी वकिलातींत पोचले ते आपले लोक, जनरल गॅसलीच्या हाताखालची राजपूत पलटण. इंग्रजांची तिथली बहुतेक फौज हिंदुस्तानीच होती. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे या मोहिमेत स्वतः गेले होते, पदरचा पैसा घालून हॉस्पिटलचं जहाज दिलं होतं. इंग्रजांनी आपली तुकडी वाल्डरझेच्या सरसेनापतीपदाखाली दिली, म्हणजे काही महिने का होईना आपल्याकडचे शिपाई कागदोपत्री या जर्मन सरदाराच्या हुकमात होते. त्यांतल्याच एका राजपूत शिपायानं, गदाधर सिंह त्याचं नाव, परत आल्यावर हिंदीत लिहून ठेवलंय, जळलेली गावं, नदीतून वाहणारी प्रेतं, आणि हे चिनी लोक आपल्यासारखेच आशियातले, यांचे हाल बघवत नाहीत ही भावना. हुकूम पाळणाऱ्यालाही डोळे असतात.

साहेब पेकिंगात पोचले १७ ऑक्टोबरला. वेढा उठून दोन महिने झालेले, राजदरबार शिआनला पळालेला, समोर लढायला फौजच नाही. आता आठ देशांचा सरसेनापती, सुमारे २० हजार जर्मन सैनिक, एवढा खर्च, आणि शत्रू गायब. मग काय करायचं? तर आसपासच्या मुलखात 'शिक्षा मोहिमा' काढायच्या. गावात बॉक्सर लपलेत म्हणायचं, जायचं, खंडणी वसूल करायची, जाळायचं, गोळ्या घालायच्या. पुढच्या काही महिन्यांत अशा डझनावारी मोहिमा निघाल्या, निम्म्याहून जास्त फक्त जर्मनांच्या. बॉक्सर किती सापडले देव जाणे, शेतकरी मात्र मेले. सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं जर्मनीतल्या समाजवादी पेपरांनी छापली, 'हूण-पत्रं' म्हणून, आणि नोव्हेंबर १९०० मध्ये समाजवादी पुढारी आउगुस्ट बेबेलनं ती राइशश्टागमध्ये वाचून दाखवली. तोवर संसदेला कुणी काही विचारलंच नव्हतं. मोहीम निघाली जुलैत, अधिवेशन बोलावलंच नाही, आणि नोव्हेंबरात नवा चॅन्सेलर ब्यूलो सुमारे १५ कोटी मार्कांचं बिल घेऊन हजर, की झालंय खरं, आता मंजूर करा आणि झाल्या चुकीला माफी पण द्या. यालाच मोकळा हात म्हणतात, मोकळा हात एकाचा आणि मोकळा खिसा दुसऱ्याचा.

हां, ते ॲस्बेस्टॉसचं घर. फील्ड मार्शलला चिनी हवा बाधू नये, आग लागू नये म्हणून खास बनवलेलं, सुटे भाग जोडून उभं करायचं. वाल्डरझेनं मुक्काम केला होता सम्राज्ञी त्सशीच्या महालात, आणि महालाच्या आवारात हे घर. एप्रिल १९०१ मध्ये एका रात्री महालाला आग लागली. जे जळत नाही म्हणून आणलं होतं तेही त्यात गेलं, साहेब खिडकीतून कसेबसे बाहेर पडले, पण त्यांचा चीफ ऑफ स्टाफ जनरल श्वार्त्सहोफ आत परत गेला आणि आला नाही. मी याच्यावर विनोद करणार होतो, पण तो माणूस खरंच मेला, त्यामुळं राहू दे.

ग्रुपवर कधी बोललोच असतो तर कुणीतरी लगेच माणेकशॉंचं नाव काढलं असतं, ते माहितीय. १९७१ चा तो किस्सा ते स्वतः सांगायचे, की पंतप्रधान म्हणाल्या आत्ता जा, आणि मी म्हणालो आत्ता नाही, तयारी नाही. पण तो किस्सा नीट ऐका की. मंत्रिमंडळाच्या बैठकीत, तोंडावर, सेनाप्रमुख 'नाही' म्हणतो, कारण देतो, सरकार ऐकतं, आणि युद्ध करायचं की नाही हे सरकारच ठरवतं. तिथं दरवाजा एकच आहे आणि तो पुढचा आहे. वाल्डरझेची अख्खी कारकीर्द ही त्या खोलीत न बसता शेजारच्या खोलीत कुजबुजण्याची आहे. कसं लढायचं यात मंत्र्यांनी नाक खुपसू नये, शंभर टक्के मान्य. पण लढायचं का, कुणाशी, आणि थांबायचं कधी, हे तिन्ही प्रश्न ज्याला निवडणुकीत पाडता येतं त्याच्याकडंच पाहिजेत, तो कितीही टुकार असला तरी. टुकार पुढारी पाच वर्षांनी जातो, मागचा दरवाजा एकदा पाडला की बुजवायला कुणी येत नाही.

जर्मनीत नाहीच बुजवला. वाल्डरझे ५ मार्च १९०४ ला हानोव्हरमध्ये वारला, दरवाजा तसाच उघडा राहिला. श्लीफेननं आणि त्याच्या मागून आलेल्या धाकट्या मोल्टकेनं, म्हाताऱ्याचा पुतण्या तो, युद्धाचे प्लॅन जनरल स्टाफच्या चार भिंतींत बसून केले, आणि फक्त रशियाविरुद्ध फौज उभी करायचा जो वेगळा प्लॅन होता तो १९१३ पासून अपडेट करणंच बंद केलं. १ ऑगस्ट १९१४ ला कैसर म्हणाला, चला, फ्रान्स नको, सगळी फौज पूर्वेला वळवा. मोल्टके म्हणाला, जमणार नाही, दहा लाखांची फौज अशी आयत्या वेळी वळत नसते. ज्या कैसरला कुणालाच विचारायची गरज नाही असं वाल्डरझेनं शिकवलं होतं, त्याच्या हातात त्या दिवशी एकसुद्धा पर्याय नव्हता.

एक राहिलंच. पेकिंगच्या तटावर जुनी वेधशाळा होती, पंधराव्या ते अठराव्या शतकातली ब्राँझची यंत्रं, ब्राँझच्याच ड्रॅगनांनी पेललेले गोल, माणसापेक्षा उंच. १९०० च्या डिसेंबरात जर्मन आणि फ्रेंचांनी ती आपसात वाटून घेतली. अमेरिकन जनरल चॅफीनं वाल्डरझेला पत्र लिहून खडसावलं की ही सरळ लूट आहे. वाल्डरझेला पत्राची भाषा उद्धट वाटली, यंत्रांबद्दल काही वाटलं नाही. जर्मनांच्या वाट्याची यंत्रं जहाजातून पॉट्सडॅमला आली, सरदारसाहेबांच्या जन्मगावी, आणि राजवाड्याच्या बागेत शोभेला मांडली गेली. मधे महायुद्ध होऊन गेलं, कैसर हॉलंडला पळाला. व्हर्सायच्या तहात एक कलम आहे, १३१ वं, त्यात ही यंत्रं चीनला परत द्यायची असं नावानिशी लिहिलंय. १९२१ मध्ये ती पेट्यांत भरून परत गेली, आणि त्यांतली बरीचशी आजही तिथंच त्या गच्चीवर उभी आहेत.